शाळेचं हजेरी ॲप: कांजिण्यांच्या नऊ दिवसांनंतर साडेतीन तारे

ॲपचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की शाळा कळेल, आणि नातवाला अजून सहा वर्षं त्याच शाळेत काढायची आहेत. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी "आपला पाल्य आज अनुपस्थित आहे" असं सांगणाऱ्या यंत्रातल्या बाईंचा फोन ज्यांना येतो, त्यांना मी कशाबद्दल लिहितेय ते कळेलच. मी त्या बाईंना दोनदा उत्तर दिलंय. "अहो, माझ्या मांडीवर झोपलाय तो," असं सांगून झाल्यावर लक्षात आलं की पलीकडे ऐकायला कोणी नाही.

आधी माझी ओळख, म्हणजे मी कुठल्या हक्काने बोलतेय ते समजेल. मी निवृत्त शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी भोर तालुक्यात, हिरडस मावळातल्या वाड्यांवर. पोरं शाळेत का येत नाहीत या विषयात माझी पीएचडी व्हायला हरकत नव्हती. जुलैत "आजारी आहे" असा निरोप आला की तो आजार बहुतेक वेळा भाताच्या खाचरात असायचा. आवणी संपली की सगळे एकदम बरे व्हायचे. आता पुण्यात मुलाकडे असते. मुलगा चाकणला पहिल्या पाळीला, सूनबाई हिंजवडीला. सकाळी सातनंतर शाळेशी बोलायला घरात मी एकटीच. म्हणून ॲप माझ्या मोबाइलवर आहे. ओटीपी मात्र सूनबाईच्या मोबाइलवर जातो. त्याचं रामायण पुढे.

हे ॲप शाळेने घेतलंय आणि त्याचे वर्षाला ६०० रुपये फीच्या पावतीत "डिजिटल सेवा" या नावाने आपल्याकडूनच जातात. म्हणजे फुकटचं नाही, तेव्हा परीक्षण करायला मला संकोच नाही.

चांगलं आधी सांगते. मूल आजारी पडलं तर सकाळी आठच्या आत कळवायचं. त्यासाठी चार ओळींचा अर्ज लिहून व्हॅनवाल्या काकांच्या हाती द्यायचा, तो त्यांच्या खिशात दोन दिवस राहायचा, हे सगळं बंद झालं. दुपारी चारच्या सुमाराला फळ्याचे फोटो आणि गृहपाठ येतो, आणि तो खरोखर येतो. नातू अंथरुणात असताना अपूर्णांकांचा अख्खा धडा आम्ही दोघांनी त्या फोटोंवरून केला. त्याच्या बाईंचं फळ्यावरचं अक्षर इतकं सुरेख आहे की मला माझ्या डी.एड.च्या फलक-लेखनाच्या तासाची आठवण झाली. वही मागायला कुणाच्या घरी जावं लागलं नाही. कांजिण्यांच्या दिवसांत कुणी आम्हाला दारात उभं केलंही नसतं म्हणा.

दुसरी चांगली गोष्ट २०२३ च्या जुलैतली. आळंदीत डोळ्यांची साथ आली, हजारो रुग्ण झाले आणि बघता बघता ती पुण्याच्या शाळांत पोचली. तेव्हा नातू दुसरीत होता. एका सकाळी ॲपवर सगळ्या पालकांना निरोप आला: डोळे लाल असतील, चिकटत असतील तर मुलाला पाठवू नका, हजेरीची काळजी करू नका. तीन ओळी, मराठीत, नीट. त्या दिवशी मी ॲपला मनातल्या मनात पाच तारे देऊन टाकले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी खरी तक्रार तिथूनच सुरू होते.

यंदा नातू चौथीत. एका सोमवारी सकाळी अंघोळ घालताना पोटावर तीन-चार फोड दिसले. पाण्याच्या थेंबासारखे. मी बघताक्षणी ओळखलं. वाडीवर असताना "पोराच्या अंगावर उठलंय" असा निरोप आला की मी स्वतः घरी जाऊन बघायची, इतकी वर्षं ते फोड पाहिलेत. याला लस दिलेली होती, पण एकच मात्रा. दुसरीची वेळ आली ती नेमकी लॉकडाऊनमध्ये आणि राहून गेली ती गेलीच. ही लस सरकारच्या फुकट लसीकरणात नाही, त्यामुळे आठवण करून द्यायला आशाताईही येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, एका मात्रेनेही निम्मा त्रास वाचला, नाहीतर अंगभर उठल्या असत्या. धाकट्या नातीला दोन्ही मात्रा झाल्यात, ती भावाच्या खोलीच्या दारात उभी राहून त्याचे फोड मोजत होती आणि तिला काही झालं नाही.

तर मी ॲप उघडलं. "रजा" दाबलं. कारण निवडा: आजारपण, कौटुंबिक कार्यक्रम, बाहेरगावी, इतर. आजारपण दाबलं. कुठला आजार, ते लिहायला जागाच नाही. सर्दी असो, कांजिण्या असोत की पाय मोडलेला असो, सगळं एकाच डब्यात. पुढचा रकाना: कधीपासून. भरला. त्याच्या पुढचा: कधीपर्यंत. आणि हा भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

आता मला सांगा, कांजिण्यांच्या पहिल्या दिवशी कधीपर्यंत ते कोण सांगणार? नियम साधा आहे: शेवटचा फोड सुकून त्यावर खपली धरेपर्यंत मूल घरात. कुणाला पाच दिवस लागतात, कुणाला आठ. रोज नवे फोड येत राहतात. फोडांना काय तारीख विचारायची? मी आपलं बुधवार लिहिलं. मग ओटीपी गेला सूनबाईला. ती मीटिंगमध्ये. फोन केला तर कुजबुजत म्हणाली, "आई, चार शून्य सात..." आणि पुढचे आकडे मला ऐकू आले नाहीत. दुसरा ओटीपी मागवला. तोपर्यंत आठ वाजून दोन मिनिटं झाली होती आणि ॲपने लाल अक्षरांत सांगितलं की अर्ज उशिरा आला आहे.

गुरुवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी यंत्रातल्या बाईंचा फोन. आपला पाल्य पूर्वसूचनेशिवाय अनुपस्थित आहे. बुधवारपर्यंतची रजा संपली होती ना! रजा वाढवायची सोय ॲपमध्ये नाही, नवा अर्ज करावा लागतो. आणि नवा अर्ज केला की तीन दिवसांहून जास्त रजा झाली म्हणून डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. पीडीएफ हवं, २०० केबीच्या आत. माझ्या मोबाइलवर काढलेला फोटो चार एमबीचा. खालच्या मजल्यावरच्या इंजिनीअरिंगच्या पोराने तो कागद लहान करून दिला, तेव्हा तो इतका लहान झाला की डॉक्टरांची सही मुंगीसारखी दिसत होती. ॲपने तो घेतला. त्यांना केबी हवे होते, सही नाही.

डॉक्टरांचंही सांगते, ते आमचे जुने आहेत. प्रमाणपत्राचे ते वेगळे पैसे घेत नाहीत, पण हात जोडून म्हणाले, "बाई, आजारी पोराला केवळ कागदासाठी माझ्याकडे आणू नका. बाहेर बाकावर तान्ही बाळं बसलेली असतात." खरंच होतं. बाकावर मी एकटी जाऊन बसायची आणि नातवाचे फोटो त्यांना मोबाइलवर दाखवायची. शाळेला कागद हवा म्हणून संसर्गाचं पोर दवाखान्यात नेऊन बसवायचं, हा उपद्व्याप कुणाच्या डोक्यातून आला असेल?

पण हे सगळं किरकोळ. चिडचिड होते, पण जीव जात नाही. माझी खरी तक्रार पुढची आहे.

नातवाच्या वर्गशिक्षिका पाचव्या महिन्यात आहेत. मला हे माहीत होतं, कारण पालकसभेला मी जाते आणि बायकांना हे दिसतं. गरोदरपणात कांजिण्या हे साधं प्रकरण नव्हे. लहानपणी येऊन गेल्या नसतील किंवा लस नसेल तर आईलाही त्रास होतो आणि बाळालाही होऊ शकतो. शिवाय कांजिण्यांचं मूल फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्यांना देत असतं. म्हणजे शनिवारी नातू वर्गात बसला होता तेव्हाच जे व्हायचं ते होऊन गेलं असणार. मला वाटलं, मी अर्ज भरलाय, म्हणजे शाळेला कळलंय. मग सोमवारी संध्याकाळी विचार आला, कळलंय ते काय? "आजारपण". एवढंच.

बाईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. ॲपमध्ये शिक्षकांचा नंबर दिसत नाही, तो त्यांच्या सोयीसाठी, आणि ते मला मान्य आहे. आमच्या वेळी असते मोबाइल तर मीही दिला नसता. पण ॲपमधून पाठवलेला निरोप "शाळेच्या वेळेत वाचला जाईल" असं उत्तर आलं. शेवटी दुसऱ्या एका पालकांकडून तिसऱ्याकडे असं करत रात्री साडेनऊला बाईंशी बोलले. लहानपणी येऊन गेल्या होत्या त्यांना, कपाळावरचा व्रण आहे म्हणाल्या. तरी दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. मला म्हणाल्या, "आजी, बरं झालं सांगितलंत. मला स्क्रीनवर फक्त पिवळा ठिपका दिसतो."

पिवळा ठिपका! पन्नास मुलांच्या वर्गात चार पिवळे ठिपके असले तर ती एकच साथ आहे की चार वेगळी पोटदुखी, हे त्या माउलीने कसं ओळखायचं?

माझ्या कॅटलॉगात, म्हणजे हजेरीच्या वहीत, शेऱ्याचा रकाना होता. महिनाअखेर गोषवारा काढताना पटसंख्या, सरासरी उपस्थिती हे आकडे वरच्यांसाठी. शेरा माझ्यासाठी. "ताप", "गालगुंड", "बहिणीचं बाळंतपण", "बैल राखायला". एकाच वाडीची तीन नावं "जुलाब" म्हणून आली की मी आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंना सांगायची, त्या विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, टाकायला लावायच्या. हे काही मी फार मोठं करत होते असं नाही, सगळेच करायचे. वही उघडली की नजरेला दिसायचंच ते. या ॲपमध्ये मात्र दिसतं ते फक्त किती. काय झालंय, ते नाही.

म्हणूनच मी वर डोळ्यांच्या साथीचं सांगितलं. सगळ्यांना एकदम कळवायची सोय ॲपमध्ये आहे. आम्ही ती पाहिलीय. पण त्या वेळी वर्तमानपत्रात रोज बातम्या येत होत्या म्हणून ऑफिसात कुणीतरी ते बटण दाबलं. कांजिण्यांची बातमी काही पेपरात येत नाही. मी ऑफिसात फोन करून सांगितलं की नाव न घेता चौथीच्या पालकांना कळवा, दहा ते एकवीस दिवसांत आणखी मुलांना येतील, ज्यांच्या घरी कुणी गरोदर असेल त्यांनी जपावं. "मॅडमना विचारून सांगतो" असं उत्तर मिळालं. अडीच आठवड्यांनी वर्गातली पाच मुलं घरी बसली. आईबापांनी एकमेकांना व्हॉट्सॲपवर विचारून शोध लावला की पहिला आमचाच होता. आता ते मला लिफ्टमध्ये भेटतात.

नऊ वाजून दहा मिनिटांच्या फोनबद्दल थोडं चांगलं, थोडं वाईट. गेल्या डिसेंबरात नातू ठणठणीत होता, व्हॅनमध्ये बसवून मी परत आले होते, आणि फोन आला: पाल्य अनुपस्थित. माझ्या पायातलं बळ गेलं. व्हॅनवाले काका म्हणाले, गेटवर सोडला. ॲपच्या मदतकक्षात लिहिलं तर "आपली अडचण समजली. कृपया पर्याय निवडा" असं उत्तर आलं. ऑफिसचा फोन दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा शिपाईमामांनी उचलला. मी नाव सांगताच म्हणाले, "तो होय, लेझीमच्या प्रॅक्टिसला हॉलमध्ये आहे. आत्ताच चड्डीची नाडी बांधून दिली मी त्याला." स्नेहसंमेलनाच्या तालमीची मुलं वर्गात नव्हती, बाईंनी हजेरी घेतली, यंत्राने फोन लावला. बारा मिनिटं गेली असतील, पण त्या बारा मिनिटांत मी काय काय नवस बोलले ते फेडायला अजून जेजुरीला जायचंय. तरीही हा फोन बंद करा असं मी म्हणणार नाही. खरंच एखादं पोर गेटपाशी सोडून वर्गात पोचलं नाही तर घरी एका तासात कळायलाच हवं. फक्त फोनच्या शेवटी एक नंबर द्या, जो माणूस उचलेल. मामा चालतील.

आता ते बक्षीस. महिनाभर एकही खाडा नाही तर ॲपवर मुलाच्या फोटोभोवती सोनेरी कडं येतं आणि "हजेरीचा तारा" असं लिहून येतं. सलग दहा महिने झाले की प्रमाणपत्र. नातवाला सात महिने झाले होते. फोडांपेक्षा तो त्या कड्यासाठी जास्त रडला.

यावर मी शाळेला बोलणार होते, पण माझी जीभ अडखळली, कारण हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. वाडीवरच्या शाळेत हजेरी टिकत नव्हती म्हणून मी जाहीर केलं होतं, पावसाळ्यात एकही दिवस न चुकवणाऱ्याला कंपासपेटी. माझ्या पैशांची. तिसरीतली एक मुलगी गालाभोवती आईचा रुमाल बांधून आली. म्हणाली, दाढ दुखतेय. मी बसवून घेतलं. दुपारी रुमाल सोडला तर दोन्ही बाजूंनी गालगुंड सुजलेली. घरी पाठवलं तर हमसाहमशी रडायला लागली, "माझी पेटी गेली का बाई?" दोन-अडीच आठवड्यांनी निम्मा वर्ग रुमाल बांधून घरी बसला होता, आणि माझा धाकटा मुलगाही. पेटी मी तिलाच दिली. पण पुढच्या वर्षापासून ते बक्षीस बंद केलं.

म्हणून सांगते, ते सोनेरी कडं काढा. पोरांना नको, आईबापांना तर मुळीच नको. आमच्या सोसायटीत एक आई सकाळी पॅरासिटामॉलचं सिरप पाजून मुलाला व्हॅनमध्ये बसवते. चार तास ताप उतरतो, मधल्या सुट्टीत परत चढतो, मग शाळेतून फोन येतो. औषध न देता चोवीस तास ताप नाही, मगच शाळा, हे ॲपच्या पहिल्या पानावर लिहायला किती केबी लागतात?

एक गोष्ट मात्र ॲपच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवते. माझ्या भाचीची मुलगी याच शाळेत दहावीला. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला, दोन आठवडे गेले. सीबीएसईला बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. गंभीर आजारात सवलत मिळते, पण ऑगस्ट २०२५ मध्ये बोर्डाने शाळांना बजावलंय की आजारपणाची रजा असेल तर अर्ज आणि वैद्यकीय कागद रजेनंतर लगेच दिलेले हवेत, मागाहून गोळा केलेले चालणार नाहीत. भाचीच्या हाताशी सगळं तारखेनिशी ॲपमध्ये होतं: अर्ज, प्लेटलेटचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. तिला काहीच शोधावं लागलं नाही. माझ्या कॅटलॉगातल्या शेऱ्याने हे काम झालं नसतं. दहावी-बारावीच्या पालकांनी तर प्रत्येक कागद त्याच दिवशी चढवावा आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवावा, कारण ॲपची आवृत्ती बदलली की जुनं सगळं जातं. आमच्याकडे दुसरीतून तिसरीत जाताना गेलं.

चौथीच्या पोराला मात्र ॲपमधलं ७५ टक्के हजेरीचं ते रंगीत वर्तुळ कशाला दाखवायचं? नातवाचं वर्तुळ नऊ दिवसांत हिरव्याचं पिवळं झालं तेव्हा त्याने मला विचारलं, "आजी, मी नापास होणार का?" कांजिण्यांमुळे कुणी चौथीत नापास झालेलं मी ३१ वर्षांत पाहिलं नाही.

तर तारे. गृहपाठाला एक. रजा घरबसल्या टाकता येते त्याला एक. कागद जपून ठेवल्याबद्दल एक. सकाळच्या फोनला अर्धा, मामांचा नंबर जोडला तर पूर्ण देईन. अर्धा तारा देता येत नाही म्हणून ॲपच्या दुकानात तीनच दिसतील, तिथे मी सूनबाईच्या नावाने आहे.

ॲपवाल्यांचं उत्तर आलंय, इंग्रजीत, आभार मानलेत. नातू तीन आठवड्यांपासून शाळेत जातोय, कपाळावर एकच खड्डा राहिलाय, भुवईच्या वर, खाजवलेला. रजेचा दुसरा अर्ज ॲपमध्ये अजून "प्रलंबित" दाखवतंय.